मुलांना घेऊन गाडीवर: किती बसायचे, कुठे बसायचे

लग्नसराई संपून शाळा उघडायच्या सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या रूपांत असते: लहान मूल गाडीत मोजायचे की नाही? यंदाच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली कलमे मोटार वाहन कायदा १९८८ ची, २०१९ च्या दुरुस्तीसह, आणि नियम केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. दंडाच्या रकमा मूळ कायद्यातल्या दिल्या आहेत. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम कलम २०० खाली राज्य सरकार ठरवते, त्यामुळे तुमच्या ई-चलानवर काही वेळा वेगळा आकडा दिसेल.

प्रश्न: मी, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी मोटारसायकलवरून गावी जातो. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसते. पोलीस कधी सोडतात, कधी अडवतात. मूल लहान असेल तर तिघे चालतात, असे गावात सगळेच म्हणतात. खरे काय? आणि अपघात झाला तर विम्याचे काय?
(एक वाचक, सिन्नर)

चालत नाहीत. कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते, आणि तीही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या सीटवर. ‘अमुक वयाखालचे मूल सोडून’ असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. केरळमध्ये २०२३ साली रस्त्यांवर कॅमेरे लागले तेव्हा हीच मागणी झाली होती: आईवडिलांबरोबर एक लहान मूल असेल तर सवलत द्या. केंद्राने नकार दिला. पोलिसांनी सोडले असेल तर ती त्यांची माणुसकी समजा. कायद्यात ती सूट नाही.

शिक्षा कलम १९४क मध्ये आहे: एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. लोक हजार रुपयांची काळजी करतात. रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याने तीन महिन्यांची करावी.

नियम असा का, हेही पाहा. मुलगी मध्ये आली की चालक टाकीवर सरकतो, त्याचे कोपर अंगाला चिकटतात आणि हँडल पूर्ण वळत नाही. मागे बसलेली व्यक्ती सीट सोडून कॅरिअरच्या दांडीवर येते. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेल्यामुळे पुढचे चाक हलके होते. खड्डा चुकवताना किंवा पावसात ब्रेक मारताना गाडी नेमकी तिथेच हातातून जाते.

काहीजण यावर तोडगा म्हणून मुलाला स्कूटरच्या फूटबोर्डवर पुढे उभे करतात, किंवा पुढे घडीची लोखंडी सीट लावून घेतात. ते तर जास्त वाईट. चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल असे कोणाला बसवू वा उभे करू नये, असे कलम १२५ सांगते. कलम १२८ मधली ‘मागची सीट’ही इथे मोडते. जोराचा ब्रेक लागला की मुलाची हनुवटी थेट हँडलच्या मध्यावर आपटते. दुसरा धोका घराच्या फाटकापाशी असतो. किल्ली चालू ठेवून तुम्ही फाटक उघडायला उतरता, पुढे उभे मूल तोल सावरायला उजवी मूठ धरते, ती पिळली जाते आणि गाडी मुलासकट सुटते. विजेवरच्या स्कूटरला इंजिनाचा आवाजही नसतो, त्यामुळे ती चालू आहे हे लक्षातच येत नाही. आधी किल्ली बंद, मग मूल खाली, मग फाटक. हा क्रम घरातल्या प्रत्येकाने पाळावा.

विम्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. केवळ तिघे बसले होते म्हणून जखमीची किंवा मृताची भरपाई आपोआप कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सांगितले. मात्र त्याच न्यायालयाचा २००६ चा तिलक सिंग प्रकरणातला निकाल फारसा कोणाला माहीत नसतो: दुचाकीला नुसता सक्तीचा थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसणाऱ्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. तुमच्या पॉलिसीवर ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिले आहे की ‘पॅकेज’, ते आजच बघा. मागे बसणारी तुमचीच मुलगी आहे.

प्रश्न: अडीच वर्षांच्या मुलाला पाळणाघरात सोडायला मी स्कूटरने जाते. दुसरे मोठे कोणी बरोबर नसते. त्याला नेमके कसे न्यायचे?
(एक आई, सांगली)

चार वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचना निघाली आणि वर्षभराने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून, नियम १३८ मध्ये तो लागू झाला. त्यात तीन गोष्टी आहेत. मूल चालकाला हार्नेसने जोडलेले हवे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला स्वतःच्या मापाचे हेल्मेट हवे. आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. चार वर्षांनंतर कलम १२९ चे हेल्मेट सर्वांना सारखेच सक्तीचे.

हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात घालायचे जाकीट. त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांवरून येतात आणि मुलाच्या वरच्या अंगाला चालकाशी बांधून ठेवतात. नियमाप्रमाणे ते हलके, कमीजास्त करता येणारे, पाण्याने खराब न होणारे आणि ३० किलोपर्यंत वजन पेलणारे हवे. जाड नायलॉन आणि आत घट्ट फोम असावा. बाजारात कमरेभोवती नुसता एक पट्टा बांधायचा प्रकारही याच नावाने विकतात. झोप लागली की मूल त्यातून बाजूला कलंडते. खांद्यांवरून पट्टे येत नसतील तर घेऊ नका.

घालायचा क्रम: जाकीट मुलाला घरातच घालून सगळ्या क्लिपा लावा. तुम्ही स्कूटरवर बसा, दुसऱ्या कोणाला तरी मूल मागे बसवायला सांगा, मग पट्टे खांद्यांवर घेऊन ओढा. मुलाची छाती आणि तुमची पाठ यांत आडवा तळहातही जाऊ नये. उरलेली पट्ट्याची टोके आत खोचा. ती चाकात किंवा सायलेन्सरवर गेलेली फार वाईट. ओढणीचेही तसेच, ती आधी बांधून टाका. उतरताना आधी क्लिप काढा, मग उतरा. घाईत बांधलेले विसरून उतरायला गेलात तर मूल फरफटते आणि गाडीही कलते.

आता पाय. अडीच वर्षांच्या मुलाचा पाय पायदानापर्यंत पोहोचत नाही, तो लोंबतो. स्कूटरचे मागचे चाक बऱ्यापैकी झाकलेले असते. मोटारसायकल असेल तर साडीगार्ड काढलेला नाही ना, ते पाहा. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण आणि मागच्या माणसाला धरायची मूठ नियम १२३ प्रमाणे असावीच लागते. दिसायला बरे म्हणून साडीगार्ड उतरवलेल्या गाड्यांवर लहान मुलांच्या टाचा चाकाच्या आऱ्यांत अडकतात. टाचेची ती जखम भरायला फार वेळ घेते. मुलाला सँडल नको; मागून बंद असलेले बूट घाला.

हेल्मेट ‘वाढत्या अंगाचे’ घेऊ नका. भुवईच्या एक बोट वरून डोक्याभोवती टेप फिरवून घेर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि त्याच मापाचे घ्या. घातल्यावर पुढून वर ढकलून पाहा; कपाळ उघडे पडले तर ते मोठे आहे. हनुवटीच्या पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन नकोत. चार वर्षांखालच्या मुलांना मोटारसायकलच्या जड हेल्मेटऐवजी ईएन १०७८ मानकाचे सायकल हेल्मेटही नियमात चालते, आणि एवढ्याशा मानेला तेच बरे. त्यापुढे आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहूनच घ्या.

नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची मान हेल्मेटचे वजन पेलू शकत नाही. छातीवर बांधायची बेबी कॅरिअर चालताना वापरायची वस्तू आहे. गाडी पडली तर मोठ्या माणसाचे सगळे वजन बाळावर येते. तेवढे महिने रिक्षा करा.

प्रश्न: आमची मोटार पाच सीटला पास आहे. आम्ही दोघे, आईवडील आणि तीन मुले, वये ११, ७ आणि २. मुलांना अर्धे-अर्धे धरले तर साडेपाच होतात. कोकणात जायचे आहे. अडचण येईल का?
(एक वाचक, पुणे)

अर्धे धरण्याची सवय आपल्याला एसटीच्या तिकिटाने लावली. पाच ते बारा वर्षांना अर्धे तिकीट, पाचच्या आत मोफत. ती भाड्यातली सवलत आहे. खासगी मोटारीच्या आरसीवर लिहिलेली आसनक्षमता चालक धरून असते, आणि कलम १९४ब तुमचा हिशेब संपवून टाकते: चौदा वर्षांखालचे प्रत्येक मूल सीटबेल्टने किंवा बालआसनाने बांधलेले हवे, नाहीतर एक हजार रुपये दंड. गाडीत पट्टे पाच, म्हणजे माणसे पाच. तुमची सात आहेत.

मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित असते ही समजूत काढून टाकायला एक हिशेब पुरेल. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असताना आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. दोन वर्षांचे, दहा-बारा किलोचे मूल त्या क्षणी दीडशे किलोच्या आसपास होते. आजीच्या हातांनी ते धरवणार नाही. कोणाच्याच हातांनी नाही. आजीने स्वतः पट्टा लावला नसेल तर पुढच्या सीटच्या पाठीवर मूल आणि त्याच्यावर आजी. एकाच पट्ट्यात मोठे माणूस आणि मूल बांधले तरी हेच होते. एका पट्ट्यात दोन मुले बांधली तर त्यांची डोकी एकमेकांवर आपटतात आणि पट्टा कमरेवरून सरकून पोटात रुततो.

मागे बसणाऱ्यांचा पट्टा नवा नाही. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा लावावा, असे नियम १३८(३) केव्हाचाच सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर लोकांचे आणि पोलिसांचेही तिकडे लक्ष गेले.

तुम्हाला दोनच मार्ग आहेत. आईवडिलांना रेल्वेने किंवा एसटीने पाठवा, नाहीतर सात सीटची गाडी भाड्याने घ्या. तशी गाडी ठरवताना तिसरी रांग पुढे तोंड असलेली आणि पट्ट्यांची आहे ना, हे विचारा. जुन्या सुमो-बोलेरोंत मागे आमनेसामने बाके असतात, त्यांवर मुले बसवू नका. तिसऱ्या रांगेमागे सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका, जड बॅगा तळाशी ठेवा.

जास्त माणसे बसली तर विम्याचे काय, हे बऱ्याच पत्रांत आहे. ४२ जणांचा विमा असलेल्या बसमध्ये ९० जण बसले होते, त्या अंजना श्याम प्रकरणात विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले. वरच्यांचे गाडीमालकाने द्यायचे.

प्रश्न: दहा महिन्यांच्या मुलीसाठी बालआसन घ्यायचे आहे. दुकानात दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दाखवतात. काय पाहून घ्यावे आणि बसवावे कसे?
(एक बाबा, ठाणे)

किमतीआधी मागचे लेबल पाहा. नारिंगी किंवा पांढऱ्या लेबलवर गोलात ‘ई’ हे अक्षर आणि ‘आर ४४/०४’ किंवा ‘आर १२९’ असा क्रमांक हवा. आपल्याकडचे मानक एआयएस ०७२ आहे. यांतले काहीच नसेल, नुसती फोमची गादी आणि हेडरेस्टला बांधायचे पट्टे असतील, तर ते आसन अपघातात काही कामाचे नाही.

आर ४४ मध्ये वजनाप्रमाणे गट असतात: १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५ आणि २२ ते ३६ किलो. आर १२९ मध्ये उंची पाहतात आणि किमान पंधरा महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड मागे ठेवणे सक्तीचे आहे. तुमची मुलगी दहा महिन्यांची आहे, तेव्हा मागे तोंड करून बसवता येईल असेच घ्या, आणि आसनाची मर्यादा संपेपर्यंत तसेच ठेवा. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्र आसनाच्या पाठीत दाबले जातात. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकते आणि डोके एकटेच पुढे जाते.

मागे तोंड असलेले आसन चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही लावू नका. एअरबॅग उघडते तेव्हा ती थेट आसनाच्या पाठीवर आदळते आणि बाळाच्या जिवावर बेतते. सनव्हायजरवर हीच सूचना चित्रासह असते.

बसवायचे दोन प्रकार आहेत. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतील तर आसनाचे दोन्ही हात त्यांत ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकला. दोन्ही बाजूंची खूण हिरवी झाली पाहिजे. मग वरचा टॉप टेदर पट्टा सीटच्या पाठीमागच्या कडीला लावा, किंवा आसनाला पाय असेल तर तो गाडीच्या तळावर टेकवा. इथे एक चूक सर्रास होते: टेदर डिकीतल्या सामान बांधायच्या हुकाला लावला जातो. तो हुक तेवढा जोर पेलायला बनवलेला नसतो. गाडीच्या पुस्तिकेत खरी कडी कुठे आहे ते चित्रात दाखवलेले असते.

आयसोफिक्स नसेल तर सीटबेल्टने बांधा. आर ४४ च्या आसनावर पट्ट्याच्या वाटेच्या रंगीत खुणा असतात: मागे तोंड असेल तर निळी, पुढे तोंड असेल तर लाल. गुडघा आसनात रोवून आपले वजन टाका आणि पट्टा ताणून घ्या. शेवटी पट्टा जातो त्याच जागी आसन धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त सरकले तर पुन्हा बांधा.

आता मुलीचे पट्टे. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे तिच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड झाल्यावर पातळीवर किंवा किंचित वरून. ओढून झाल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. महाबळेश्वरला जाताना जाड स्वेटर घालून वर पट्टा आवळतात. धडकेत स्वेटर दबतो आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. आधी बांधा, मग वरून शाल घाला.

वापरलेले आसन घेणार असाल तर ते अपघातात सापडलेले नाही याची खात्री देणारे माणूस ओळखीचे हवे. नसेल तर नको.

प्रश्न: बालआसन कधी बंद करायचे? मुलगा दहा वर्षांचा आहे आणि पुढे बसायचा हट्ट करतो.
(एक वाचक, कोल्हापूर)

वयापेक्षा उंची पाहा. साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर झाली की मोठ्यांचा पट्टा नीट बसतो. मागच्या सीटवर बसवून तपासा. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या हाडावर येतो का, वरचा पट्टा मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध जातो का, आणि तासभर तसे बसवते का. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, चालू ठेवा. बूस्टरला तीन टोकांचा पट्टाच लागतो. जुन्या गाड्यांत मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर चालत नाही. खांद्याचा पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ देऊ नका. पुढच्या सीटचे म्हणाल, तर मूल बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत मागेच बसवा.

प्रश्न: शाळेच्या रिक्षात आठ मुले असतात, दोन चालकाच्या शेजारी. चालक म्हणतात, बाराच्या आतली मुले अर्धी मोजतात. व्हॅन लावावी का?
(एक आई, नागपूर)

रिक्षा तीन प्रवाशांना पास असते. शालेय वाहतुकीत बारा वर्षांखालची मुले दीडपट बसवण्याची मुभा काही राज्यांत आहे, पण तिनाचे दीडपट केले तरी साडेचार होतात, आठ नव्हेत. चालकाशेजारी मूल बसणे कलम १२५ खाली येते. त्याचा गुडघा हँडलच्या आड येतो. जादा प्रवाशांसाठी कलम १९४अ प्रमाणे प्रत्येकी दोनशे रुपये दंड आहे, आणि जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवता येत नाही. शाळेच्या वेळेला भर रस्त्यात मुले अशी उतरवली जातात, म्हणून पालकांनीच आधी बोलावे.

व्हॅन लावताना पाटी पाहा: पिवळ्यावर काळी अक्षरे, किंवा विजेवरची असेल तर हिरव्यावर पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन भाड्याने मुले नेत असेल तर ती विनापरवाना आहे. कलम १९२अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘एम-परिवहन’ ॲपवर नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. सीएनजी असेल तर टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, ते विचारा, आणि मागचे दार उघडून पाहा. टाकीवर फळी टाकून केलेले बाक दिसले तर तिथेच नकार द्या.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. तोंडी सांगू नका. लेखी अर्ज समितीच्या नावाने द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: मुलगा सोळा पूर्ण आहे. क्लास सात किलोमीटरवर. बिनगियरची स्कूटर सोळाव्या वर्षी चालवता येते ना?
(एक पालक, अहिल्यानगर)

सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचे लायसन्स मिळते, बिनगियरच्या सगळ्या गाड्यांचे नव्हे. तुमच्या घरची स्कूटर शंभर किंवा सव्वाशे सीसीची असणार, त्यामुळे ते लायसन्स तिला लागू नाही.

कलम १९९अ शांतपणे वाचा. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला न विचारता नेली’ हे तुम्हीच सिद्ध करायचे. तुमची संमती होती असे न्यायालय धरून चालते. समोरच्याला इजा झाली तर विमा कंपनी त्याला पैसे देऊन नंतर ते तुमच्याकडून वसूल करू शकते.

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली विजेवरची हलकी दुचाकी नियमांनुसार मोटार वाहनच नाही, तिला लायसन्स आणि नंबर लागत नाही. पण काही विक्रेते तिचा वेग ‘खोलून’ देतात. तसे केले की ती सूट गेली आणि १९९अ लागले. नाहीतर सायकल आहेच. सात किलोमीटरला अर्धा तास लागतो.

प्रश्न: वऱ्हाड टेम्पोतून नेतो. मुले मागे हौद्यात मजेत बसतात. फळ्या उंच आहेत, मग काय हरकत?
(एक वाचक, लातूर)

मालवाहू गाडी माणसे नेण्यासाठी पास नसते, आणि मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले आहे. हौद्यात धरायला काही नसते, वळणावर सगळे एका बाजूला जातात आणि त्यानेच गाडी कलते. फळी कितीही उंच असली तरी तिच्यावर चढून बसणारी पहिली मुलेच असतात. बस परवडत नसेल तर वऱ्हाड कमी न्या, दोन गावांचे मिळून एक बस करा. मुलांना टेम्पोत घालू नका.

प्रश्न: सनरूफमधून मुलांना उभे राहू द्यावे का? हळू चालवतो.
(एक वाचक, नवी मुंबई)

नाही. गाडीच्या सांगाड्याबाहेर कोणालाही नेऊ नये, असे कलम १२३ आहे. तीस-चाळीसच्या वेगात अचानक ब्रेक लागला की सनरूफची धातूची कड मुलाच्या छातीला किंवा पोटाला लागते. झाडाची फांदी, केबलची तार आणि पतंगाचा मांजा तर दिसतही नाहीत.

प्रश्न: चाइल्ड लॉक लावले तर अपघातात किंवा आगीत मूल अडकणार नाही का?
(एक वाचक, रत्नागिरी)

मागच्या दाराच्या कडेवरचा छोटा खटका लावला की ते दार आतल्या हँडलने उघडत नाही, बाहेरच्याने उघडते. त्यामुळे बाहेरून मदत करणाऱ्याला अडचण नसते. फक्त दारे सेंट्रल लॉकने बंद असतील तर पुढच्या माणसाने ते आधी सोडावे. धावत्या गाडीत दार उघडून मूल पडण्याचा धोका रोजचा आहे, म्हणून लॉक लावाच. चालकाच्या दारावरचे काचांचे लॉकही लावा. उन्हात उभ्या गाडीत मात्र मुलाला दोन मिनिटेही एकटे ठेवू नका. आतले तापमान झपाट्याने चढते आणि लहान मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

प्रश्न: गोव्यात स्कूटर भाड्याने घेऊन तिघे (पाच वर्षांचा मुलगा धरून) फिरणार आहोत. तिथे चालते असे ऐकले.
(एक वाचक, बेळगाव)

कायदा तोच, तिघे चालत नाहीत, आणि पाच वर्षांच्या मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात पडेल. तिघांसाठी छोटी मोटार घ्या आणि बूस्टर घरून न्या. लायसन्स डिजिलॉकरमधले चालते.

प्रश्न: मुलीकडे लंडनला जाणार आहोत. नातू तीन वर्षांचा. इथले बालआसन घेऊन जावे का?
(आजी-आजोबा, डोंबिवली)

तिथे मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटीमीटरचे होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोपर्यंत, बालआसन लागते, आणि ते गोलातल्या ‘ई’ खुणेचे व आर ४४ किंवा आर १२९ क्रमांकाचेच चालते. तुमच्या आसनावर ती खूण असेल तर न्या, नसेल तर मुलीला तिथेच घ्यायला सांगा. विमानतळावरून टॅक्सी केलीत आणि तिच्यात बालआसन नसेल, तर तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मागच्या सीटवर मोठ्यांच्या पट्ट्याने नेण्याची मुभा आहे. ती टॅक्सीपुरतीच, मुलीच्या गाडीत नाही.

प्रश्न: सीटबेल्टचा अलार्म बंद करायची क्लिप ऑनलाइन मिळेनाशी झाली आहे. शेजारच्या सीटवर दप्तर ठेवले तरी अलार्म वाजतो. दुसरा उपाय?
(एक वाचक, सोलापूर)

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना त्या क्लिपा काढून टाकायला लावले, म्हणून त्या दिसत नाहीत. दप्तर सीटवर ठेवू नका, सीटपुढे पायापाशी ठेवा. सीटखालच्या सेन्सरला वजन लागले नाही की अलार्म वाजत नाही, आणि ब्रेक मारल्यावर दप्तर उडून मुलाच्या अंगावरही येत नाही. घरात जुनी क्लिप असेल तर ती टाकून द्या. मुले ती उचलून आपल्या पट्ट्याच्या जागी अडकवतात आणि पट्टा लावला आहे असे तुम्हाला वाटत राहते.